गुडघेबदल कोणाच्या वाट्याला येतो?

आमच्या वाड्यावर गुडघे झिजलेल्या दोघी होत्या. एक माझी मावशी, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. दुसऱ्या शेजारच्या काकी, ज्यांनी आयुष्यातली चाळीसेक वर्षे गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात गोणपाटावर बसून भाजी विकली. दोघींचे वय साधारण सारखे, आणि दोघींच्या एक्स-रे फिल्म मी एकाच आठवड्यात खिडकीच्या उजेडात धरून पाहिल्या होत्या. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये जी काळी फट दिसायला हवी, ती आतल्या बाजूला दोघींच्याही फिल्ममध्ये उरलेली नव्हती. हाडाला हाड टेकले होते. डॉक्टरांनी दोघींच्या कागदांवर एकच श्रेणी लिहिली होती, चौथी. केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी १९५७ साली मांडलेल्या मापातली ही शेवटची श्रेणी. मावशीची शस्त्रक्रिया निर्णय झाल्यापासून पाच आठवड्यांत एका खासगी रुग्णालयात झाली. काकींना एका गुडघ्यासाठी चार वर्षे लागली, आणि या चार वर्षांत ‘तुमची शस्त्रक्रिया होणार नाही’ असे त्यांना कोणीही एकदासुद्धा सांगितले नाही.

आरोग्यसेवेतील आर्थिक विषमता म्हटली की पैसे नाहीत म्हणून रुग्णालयाच्या दारातून परत पाठवलेला रुग्ण डोळ्यांसमोर येतो. सांधेबदल शस्त्रक्रियेच्या बाबतीत हे चित्र फारच अपुरे आहे. येथे नकार क्वचितच दिला जातो. तारीख पुढे जाते, कागद अपुरा पडतो, साखर वाढलेली निघते, सून बाळंत होते, भाताची कापणी येते आणि वर्ष सरते. शस्त्रक्रिया फुकट केली तरी ही दरी का बुजत नाही, हे समजून घ्यायचे असेल तर आधी ती मोजायची कशी हे पाहावे लागते, कारण चुकीच्या मापाने मोजली तर ती दिसतच नाही.

त्याआधी शस्त्रक्रियेविषयी थोडेसे. ‘गुडघ्याच्या वाट्या बदलल्या’ असे आपण बोलताना म्हणतो, पण प्रामुख्याने बदलली जाते ती वाटी नव्हे. मांडीच्या हाडाच्या टोकावरचा झिजलेला थर काही मिलिमीटर कापून तेथे बहुधा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचे टोपण बसवतात, नडगीच्या हाडाच्या माथ्यावर धातूची तबकडी बसवतात आणि दोहोंच्या मध्ये पॉलिएथिलिन या टणक प्लास्टिकची गादी ठेवतात. खुब्यात मात्र खरोखरच वाटी आणि तिच्यात फिरणारा गोळा असे दोन्ही बदलले जातात. त्या शस्त्रक्रियेचे आजचे रूप इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ साली रूढ केले. ही शस्त्रक्रिया किती टिकते, हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक जण विचारतो. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार पूर्ण बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ८२, आणि शंभर खुब्यांपैकी सुमारे ५८, पंचवीस वर्षांनंतरही पुन्हा बदलावे लागलेले नव्हते. म्हणजे साठीत गुडघा बदललेल्या बहुतेकांना तो आयुष्यभर पुरतो.

या शस्त्रक्रियेचा एक गुणधर्म विषमतेच्या मुळाशी आहे. ती नियोजित शस्त्रक्रिया आहे. आंत्रपुच्छ फुटले किंवा हृदयविकाराचा झटका आला तर गरीब असो की श्रीमंत, नातेवाईक त्याला उचलून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेतातच, आणि तेथेही त्याला थांबवून ठेवता येत नाही. झिजलेल्या गुडघ्याने कोणी उद्या मरत नाही. त्यामुळे रुग्णाला स्वतःहून मागणी करावी लागते, ती लावून धरावी लागते, वाट पाहावी लागते आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे कामाविना काढावे लागतात. ज्याला मागता येते, थांबता येते आणि बसून खाता येते, त्याच्याकडे अशी सेवा आपोआप सरकते. ब्रिटनमधील डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिले होते की चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता ही लोकांच्या गरजेच्या उलट प्रमाणात असते. सांधेबदल हे त्या विधानाचे अगदी चोख उदाहरण आहे.

आता मोजमापाकडे येऊ. समजा, एका गावात शंभर हातावर पोट असलेली आणि शंभर सुस्थितीतली, अशी दोनशे वयस्क माणसे आहेत. वर्षभरात दोन्ही गटांतल्या सहा-सहा जणांचे गुडघे बदलले. वरवर पाहता येथे समानता आहे, आणि कोणताही अधिकारी हा आकडा अभिमानाने सांगेल. पण गावात घरोघर जाऊन तपासणी केली आणि असे आढळले की पहिल्या गटात वीस जणांचे गुडघे शस्त्रक्रियेच्या पायरीला आलेले आहेत आणि दुसऱ्या गटात दहाच जणांचे, तर हिशोब बदलतो. सुस्थितीतल्या गरजूंपैकी साठ टक्क्यांना सेवा मिळाली, गरीब गरजूंपैकी तीस टक्क्यांना. आकडे कल्पित आहेत, पण त्यांतले गणित खरे आहे. सारख्या गरजेला सारखी सेवा मिळते का, हाच विचारण्याजोगा प्रश्न. सारख्या लोकसंख्येला सारख्या शस्त्रक्रिया मिळतात का, हा नव्हे.

कष्टकऱ्यांची गरज जास्त का असावी, हे गोव्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. वय, वजन, जुनी दुखापत आणि आनुवंशिकता ही सांधा झिजवणाऱ्या या संधिवाताची सर्वांना लागू असणारी कारणे. त्यांत उकिडवे बसणे, गुडघ्यावर टेकणे आणि ओझे उचलणे यांत गेलेल्या वर्षांची भर पडते. शेतात चिखलात वाकून लावणी करणारी, काजूच्या मोसमात डोंगराच्या उतारावर दिवसभर बोंडे वेचणारी, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरणारी बाई साठीला येईपर्यंत ‘धोंपरां गेली’, म्हणजे गुडघे गेले, असे म्हणू लागते, तेव्हा ती वयाबद्दल जितके बोलत असते तितकेच कामाबद्दलही. शिवाय रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये हा विकार पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. तरुणपणी मुरगळलेला गुडघा ज्याने तेल चोळून आणि फडके बांधून चालवून घेतला, त्याचा सांधा पुढे लवकर झिजतो, आणि तसे चालवून घेणारे कोण असतात हेही उघड आहे.

अर्थशास्त्रज्ञ यासाठी कॉन्सन्ट्रेशन इंडेक्स नावाचे माप वापरतात. नाव जड असले तरी कल्पना सोपी आहे. गावातल्या सगळ्यांना उत्पन्नाच्या क्रमाने एका रांगेत उभे करा, सर्वांत गरीब डावीकडे आणि सर्वांत श्रीमंत उजवीकडे. मग डावीकडून चालत जा आणि किती टक्के माणसे ओलांडल्यावर किती टक्के शस्त्रक्रिया ओलांडल्या, हे लिहीत जा. दहा टक्के माणसांवर दहा टक्के शस्त्रक्रिया, पन्नासांवर पन्नास, असे शेवटपर्यंत जुळत गेले तर निर्देशांक शून्य. शस्त्रक्रिया उजव्या टोकाला गोळा झाल्या असतील तर तो अधिक एककडे सरकतो, डाव्या टोकाला असतील तर उणे एककडे. खरी गोम पुढे आहे. याच रांगेत शस्त्रक्रियांऐवजी गरज मोजली, तर तिचा निर्देशांक बहुधा उणे येतो, कारण गरज डावीकडे दाटलेली असते. शस्त्रक्रियेच्या निर्देशांकातून गरजेचा निर्देशांक वजा केला की उरते ती खरी विषमता. शस्त्रक्रियांचा निर्देशांक अगदी शून्य असला आणि गरजेचा उणे ०.२ असला, तर उत्तर अधिक ०.२ येते, म्हणजे कागदावर समानता आणि प्रत्यक्षात श्रीमंतांकडे झुकलेला तराजू. नुसत्या शस्त्रक्रियांची संख्या सांगणाऱ्या अहवालांवर माझा विश्वास बसत नाही तो याच कारणामुळे.

पैसे हेच एकमेव कारण असते, तर ज्या देशांत शस्त्रक्रिया फुकट आहे तेथे ही दरी नसायला हवी होती. इंग्लंडमध्ये १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवा आहे आणि रुग्णाला गुडघेबदलासाठी खिशात हात घालावा लागत नाही. २०१० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तेथे नेमकी गरज आणि मिळालेली सेवा यांची सांगड घातली, तेव्हा असे दिसले की सर्वांत वंचित भागांतील रहिवाशांना, गरजेच्या प्रमाणात पाहता, सर्वांत सुस्थित भागांतील रहिवाशांच्या जेमतेम एक-तृतीयांश शस्त्रक्रिया मिळत होत्या. खुबा आणि गुडघा, दोहोंचे चित्र जवळजवळ सारखेच होते.

गरीब माणूस शस्त्रक्रियेला घाबरतो, त्याला ती नकोच असते, असे यावर लगेच म्हटले जाते. आपल्याकडेही हे स्पष्टीकरण फार लोकप्रिय आहे, कारण त्यात कोणाचाच दोष निघत नाही. कॅनडातील ओंटारियो प्रांतात गिलियन हॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिले. रुग्णालयातल्या नोंदींवर न थांबता त्यांनी लोकवस्तीतल्या माणसांना गाठून त्यांच्या सांध्यांची अवस्था पाहिली आणि शस्त्रक्रिया करून घ्यायला तुम्ही तयार आहात का, असे विचारले. कमी शिकलेल्या आणि कमी उत्पन्नाच्या लोकांत गरज अधिक आढळली; तयारी मात्र इतरांइतकीच होती. याच गटाच्या २००० सालच्या संशोधनात, गरज असून शस्त्रक्रिया न झालेल्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांच्या तिपटीहून अधिक निघाले होते.

ओंटारियोतलाच आणखी एक प्रयोग मला या सर्वांहून बोलका वाटतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एक पुरुष आणि एक स्त्री अशा दोन रुग्णांना ७१ डॉक्टरांकडे पाठवण्यात आले. दोघांचा गुडघा मध्यम प्रमाणात झिजलेला होता आणि दोघांनी लक्षणे सारखीच सांगायची, असे त्यांना शिकवून ठेवले होते. पुरुषाला गुडघा बदलण्याचा सल्ला ६७ टक्के डॉक्टरांनी दिला, स्त्रीला ३३ टक्क्यांनी. हा अभ्यास लिंगभेदाचा आहे, उत्पन्नाचा नाही, हे खरे. पण समोर बसलेल्या माणसाकडे पाहून डॉक्टरांच्या मनात ‘याला याचा उपयोग होईल का’ याचा जो अंदाज न बोलता बांधला जातो, तो त्यातून उघडा पडतो. मावशी डॉक्टरांपुढे बसली तेव्हा तिने रोज किती अंतर चालता येते, कोणती गोळी किती महिने घेतली आणि रात्री किती वेळा जाग येते, हे लिहून नेले होते. काकींनी ‘दुखतां’ एवढेच सांगितले. दहा मिनिटांच्या ओपीडीत या दोन रुग्णांपैकी कोणाचा कागद पुढे सरकेल, हे डॉक्टर कितीही सज्जन असले तरी ठरल्यासारखेच असते.

आपल्याकडे पैशाचा प्रश्न अर्थातच आहे, आणि त्यावर झालेल्या एका मोठ्या निर्णयाची नोंद घेतली पाहिजे. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत नियामक प्राधिकरणाने गुडघ्यात बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, म्हणजे इम्प्लांटच्या, किमतींना कमाल मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या इम्प्लांटची सरासरी कमाल किरकोळ किंमत तोवर १,५८,३२४ रुपये होती. ती ५४,७२० रुपये अधिक जीएसटी इतकी झाली. टायटॅनियम आणि ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या प्रकाराची किंमत २,४९,२५१ रुपयांवरून ७६,६०० रुपयांवर आली. पण मर्यादा घातली गेली ती इम्प्लांटच्या किमतीला. शल्यविशारदाचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, खोली, औषधे आणि तपासण्या मोकळ्याच राहिल्या, आणि खुब्याचे इम्प्लांट त्या आदेशात नव्हतेच. शिवाय, कमी झालेली किंमतसुद्धा कोणासाठी कमी, हा प्रश्न उरतोच. काकींना गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला दोन हजार रुपये मिळतात. नुसते इम्प्लांट घ्यायचे म्हटले तरी त्या पैशांतल्या एका दमडीलाही हात न लावता त्यांना सत्तावीस महिन्यांहून अधिक काळ थांबावे लागले असते.

गोव्याची स्थिती देशातल्या अनेक राज्यांपेक्षा बरी आहे, हे मान्य करायला हवे. बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, १८४२ साली स्थापन झालेल्या पोर्तुगीजकालीन वैद्यकीय शाळेचा वारसा सांगते, तेथे सांधेबदल होतो आणि गोमंतकीय रुग्णाला तेथील उपचार मोफत मिळतात. २०१६ साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत पाच वर्षे गोव्यात राहणाऱ्या कुटुंबाला, उत्पन्नाची अट न घालता, तीन माणसांपर्यंत वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण मिळते. केंद्राच्या आयुष्मान योजनेने ऑक्टोबर २०२४ पासून वयाची सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्न न पाहता पाच लाखांचे संरक्षण देऊ केले आहे. तेव्हा कार्ड आहे, रुग्णालय आहे, शल्यविशारद आहेत. मग काकींची चार वर्षे गेली कुठे?

त्यांचा माग काढला तर पहिले दीड वर्ष गोळ्यांत गेले. गावातल्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी सकाळी चहाबरोबर घेतली की बाजाराचा दिवस निघून जात असे, आणि बाजाराचा दिवस निघून जाणे हेच त्यांच्या लेखी उपचाराचे यश होते. नंतर कधीतरी पोट बिघडले म्हणून त्या डॉक्टरांकडे गेल्या आणि गुडघ्याची गोष्ट ओघात निघाली. मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली. पहिल्या तारखेला गर्दी, दुसऱ्या तारखेला एक्स-रे, तिसऱ्या तारखेला रक्ताच्या तपासण्या. प्रत्येक तारीख म्हणजे बाजाराचा एक दिवस बुडालेला, आणि सोबत येणाऱ्या मुलाचा रोज बुडालेला. त्या म्हापशाच्या जवळच्या. वाळपईच्या आतल्या गावातल्या बाईला आधी पणजी गाठून बस बदलावी लागते, काणकोणच्या बाईला मडगावला उतरून पुन्हा चढावे लागते, आणि झिजलेल्या गुडघ्याने बसची पहिली उंच पायरी चढणे म्हणजे काय, हे ज्याने आपल्या आईला मागून आधार देऊन चढवले आहे त्यालाच ठाऊक.

मग साखर निघाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते गोव्यात, २६.४ टक्के. कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर तो निस्तरणे अतिशय अवघड असते, म्हणून साखर आटोक्यात नसताना डॉक्टर गुडघ्याला हात लावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण या वैद्यकीय नियमाचा सामाजिक परिणाम असा होतो की ज्याची साखर वर्षानुवर्षे नियमित तपासली गेली आहे तो पहिल्या फेरीत पार होतो, आणि ज्याला मधुमेह असल्याचे याच तपासणीत प्रथम कळते तो सहा महिने मागे जातो. हिमोग्लोबिन कमी, लघवीत संसर्ग, किडलेला दात, यांपैकी कशानेही तारीख पुढे जाऊ शकते, आणि यांतले बहुतेक दोष गरिबीच्या सोबतीने येतात. काकींची तारीख साखरेने एकदा आणि दाताने एकदा हुकली. तिसऱ्यांदा त्या पूर्णपणे तयार होत्या, पण त्या आठवड्यात अपघातांतले हाडमोडीचे रुग्ण इतके आले की नियोजित शस्त्रक्रिया मागे पडल्या. ज्या सरकारी रुग्णालयात अपघातग्रस्त आणि गुडघेबदलाचे रुग्ण एकाच विभागाच्या टेबलांवर घेतले जातात, तेथे हे घडणारच. रस्त्यावर मांडीचे हाड मोडलेला तरुण थांबू शकत नाही, काकी थांबू शकतात. खासगी रुग्णालयात मावशीची तारीख अशा कारणाने कधीच सरकली नसती.

योजनेच्या मर्यादेबद्दलही एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. ती कुटुंबाची असते, माणसाची नव्हे. ज्या वर्षी घरातल्या पुरुषाच्या हृदयाची शस्त्रक्रिया निघते, त्या वर्षी त्याच घरातल्या बाईचा गुडघा आपसूक पुढच्या वर्षावर जातो. ती स्वतःच तो पुढे ढकलते, कोणी तिला सांगावे लागत नाही. आयुष्मानच्या या सवलतीची वयाची अट सत्तरीची, पण अंगमेहनतीची माणसे पंचावन्न-साठीतच अडतात, आणि त्या वयात त्यांना सांधा हवा असतो तो कमावण्यासाठी. जी माणसे पाच वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा देऊ शकत नाहीत, म्हणजे आपल्या इमारती बांधणारे परप्रांतीय मजूर, ती तर दीनदयाळच्या चौकटीबाहेरच राहतात. जानेवारी २०१८ पासून गोमेकॉमध्ये गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या लोकांत केवढा असंतोष उसळला होता, हे अनेकांना आठवत असेल. पिढ्यानपिढ्या बांबोळीला येणाऱ्या त्या माणसांच्या दृष्टीने सीमा त्याआधी अस्तित्वातच नव्हती.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ हा या साऱ्या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग. बदललेला गुडघा टेबलावर अर्धाच तयार होतो. उरलेला अर्धा पुढच्या सहा ते बारा आठवड्यांत फिजिओथेरपीने तयार होतो. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करतात. त्यानंतर घरी दिवसातून तीन-चार वेळा गुडघा सरळ ताणणे आणि वाकवणे, दुखत असतानाही, चालूच ठेवावे लागते. खुर्चीवरून सहज उठण्यासाठी तो नव्वद अंशांच्या किंचित पुढेच वाकावा लागतो, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत ही हालचाल मिळवली नाही तर सांधा आखडून बसतो. मावशीकडे फिजिओथेरपिस्ट महिनाभर घरी येत होत्या. काकींना व्यायामाचा कागद मिळाला होता, त्यावर बाणांची चित्रे होती, आणि तो कागद देव्हाऱ्याच्या मागे खोचलेला मी पाहिला आहे. त्यांच्या घराला अंगणातून सोप्यावर चढायला पाच उंच पायऱ्या, संडास उकिडवे बसायचा आणि तोही मागच्या बाजूला. कमोडची खुर्ची आणावी लागली. ती कार्डावर मिळत नाही. सुनेने सहा आठवडे काजूच्या कारखान्यातले काम सोडले, तेही कार्डावर लिहिलेले नसते. फुकट शस्त्रक्रियेचा हा खर्च कोणत्याही बिलात दिसत नाही, आणि तो आधीच डोळ्यांसमोर दिसत असल्यामुळे माणसे तारीख घ्यायलाच जात नाहीत.

उशिराची किंमतही गरिबालाच जास्त पडते. शस्त्रक्रियेच्या वेळी ज्याची चालण्याची क्षमता फारच खालावलेली असते, त्याचा गुडघा बदलल्यावर तो सुधारतो खरा, पण वेळेवर शस्त्रक्रिया झालेल्याच्या पातळीला सहसा पोहोचत नाही. मांडीचा स्नायू वाळलेला असतो, गुडघा वाकडा झालेला असतो, वर्षानुवर्षे लंगडल्याने कंबर आणि दुसरा पायही कामातून जातो. मग वाड्यावर बोलले जाते की ‘तिनें ऑपरेशन केलें, तरी लंगडताच’. पुढची बाई ते ऐकते आणि आणखी उशीर करते.

यावर उपाय काय, याची लांबलचक यादी देण्यात मला रस नाही. एकच गोष्ट आधी करता येण्यासारखी वाटते. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या पातळीवर गरज मोजायला लागणे. आज यादी असते ती तारीख मागायला आलेल्यांची. जे आलेच नाहीत त्यांची यादी कोणाकडे नसते. न्यूझीलंडमध्ये नियोजित शस्त्रक्रियांचा क्रम वेदना आणि अडचण यांना गुण देऊन ठरवण्याची पद्धत १९९० च्या दशकापासून वापरात आहे. तिच्यात दोष आहेतच, पण निदान कोण किती अडलेला आहे याची नोंद तरी होते. गुडघ्यासाठी ऑक्सफर्ड येथे तयार झालेली आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेली बारा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली जगभर चालते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण अठ्ठेचाळीस. गुण जितके कमी तितका गुडघा वाईट. गोव्यात २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढच्यांचे प्रमाण ११.२ टक्के होते, म्हणजे देशात केरळच्या खालोखाल. आशा सेविका किंवा परिचारिका रक्तदाब तपासायला घरी जातात तेव्हा दहा मिनिटांत हे प्रश्न विचारता येतील. एक्स-रेसुद्धा लागत नाही.

मी हे बारा प्रश्न कोकणीत करून काकींना विचारून पाहिले, त्यांच्या दुसऱ्या, अजून न बदललेल्या गुडघ्यासाठी. रात्रीच्या वेदनेचा, अंघोळ करून अंग पुसण्याचा, बसमध्ये चढण्याचा, जिना उतरण्याचा असे प्रश्न होत गेले आणि त्या मुकाट्याने उत्तरे देत गेल्या. जेवण झाल्यावर टेबलाजवळच्या खुर्चीवरून उठताना किती दुखते, या प्रश्नाला मात्र त्या हसल्या. ‘कदेलार बसून जेवपाक हांव भाटकान्न काय?’ खुर्चीवर बसून जेवायला मी काय जमीनदारीण आहे, असे त्यांचे म्हणणे. मग तो प्रश्न मी ‘पाटावरून उठताना’ असा केला. त्याला त्यांनी शून्य सांगितले. सगळे मिळून अकरा झाले.